तुमच्या कादंबरीतलं चोरीचं चित्र विकत घेणार कोण?

तुमचा आराखडा मला जसा समजला तसा आधी मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मलबार हिलवरच्या एका जुन्या पारशी घरातून अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं मोठं चित्र चोरीला जातं. चोर कॅनव्हास चौकटीतून कापून, गुंडाळून नेतात. न्हावा शेवाहून ते कंटेनरमधून दुबईला जातं, तिथला एक धनाढ्य माणूस ते ५० कोटींना घेतो आणि पैसे स्वित्झर्लंडमध्ये दडतात. इकडे कुलाब्यातल्या गॅलरीमालकाचा खून होतो आणि रॉचा अधिकारी तपासाला लागतो. खर्डा वाचणारे म्हणाले, वेग आहे पण पटत नाही. नेमकं काय पटत नाही, आणि अशा चित्राचे पैसे प्रत्यक्षात होतात तरी कसे, हा तुमचा प्रश्न.

मी मुंबईत जुन्या चित्रांच्या संवर्धनाचं काम करते. गॅलऱ्या, संग्राहक आणि विमा कंपन्यांसाठी कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्राच्या अवस्थेचा अहवाल, लिहिणं हाही त्यातलाच भाग. हेरगिरीचा अनुभव मला नाही. पण एखादं चित्र समोर आल्यावर ते मधल्या काळात कुठे होतं, त्याला कुणी हात लावला, हे शोधणं माझं रोजचं काम आहे. तुमची गोष्ट मी त्या बाजूने वाचली.

तुमची अडचण वेगात नाही आणि पात्रांतही नाही. तुम्ही चित्राला सोनं धरून चाललात. सोनं आटवलं की ते कुणाचं होतं हे पुसलं जातं. ऑक्टोबर २०२५ मध्ये लूव्रमधून दागिने गेले तेव्हा पहिली भीती हीच होती, की चोर खडे सुटे करतील आणि सोनं वितळवतील. चित्राचं तसं करता येत नाही. ते आहे तसंच ठेवावं लागतं, आणि आहे तसं ठेवलं की ओळखू येतं. शिवाय त्याची किंमत रंगात आणि कापडात नसते. चित्रकाराच्या हातून ते कुणाकडे गेलं, कुठल्या प्रदर्शनात लागलं, पुढे कुणी घेतलं, या साखळीवर ती उभी असते. जमिनीला सातबारा आणि फेरफार असतात तसं हे आहे: कागद नसलेल्या जमिनीला जाणता माणूस पूर्ण भाव देत नाही. तुमच्या दुबईच्या गिऱ्हाइकाने ५० कोटी मोजण्याआधी कागद मागितलेच नाहीत, आणि वाचकाचा विश्वास तिथेच उडाला.

इतिहासातल्या गाजलेल्या चोऱ्या पाहा. १९११ मध्ये विन्चेंझो पेरुजियाने मोनालिसा उचलली आणि दोन वर्षं पॅरिसमधल्या आपल्या खोलीत दडवून ठेवली. १९१३ मध्ये फ्लॉरेन्सच्या एका व्यापाऱ्याकडे ती घेऊन गेला आणि पकडला गेला. १८ मार्च १९९० ला बोस्टनच्या गार्डनर संग्रहालयात पोलिसांच्या वेशातले दोघं शिरले आणि १३ वस्तू घेऊन गेले. त्यात व्हर्मीर होता, रेम्ब्रां होता. रेम्ब्रांचे कॅनव्हास त्यांनी चौकटीतून कापले, अगदी तुमच्या चोरांसारखे. १ कोटी डॉलरचं बक्षीस लावूनही काही परत आलेलं नाही. रिकाम्या चौकटी अजून भिंतीवर आहेत. यात चोरी करणं फारसं अवघड गेलं नाही. माल घेऊन जायचं कुठे, हे मात्र कुणालाच सुटलं नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण इथे सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर नाही. तुमची कथा कुठल्या वर्षी घडते? १९८५ मध्ये घडत असेल तर गायतोंड्यांच्या चित्रासाठी कुणी कुणाचा जीव घेणार नाही. तेव्हा तो भावच नव्हता. २०२१ मध्ये त्यांचं १९६१ सालचं एक चित्र लिलावात जवळजवळ ४० कोटींना गेलं, तेव्हा या काळात कथा ठेवली तर लोभ समजू शकतो. दुसरी गोष्ट चित्रकाराची. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा आहे, तो १९७६ पासून लागू झाला. शंभर वर्षांहून जुनं चित्र खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. त्याशिवाय नऊ चित्रकारांची कामं कलानिधी म्हणून जाहीर झालेली आहेत, तीही बाहेर जाऊ शकत नाहीत: राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, रवींद्रनाथ, गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक. गायतोंडे या यादीत नाहीत. म्हणजे न्हावा शेवाचा तुमचा सगळा थरार अनावश्यक आहे. ते चित्र खोक्यात नीट बांधून, बिल जोडून, सहारच्या एअर कार्गोमधून उघडपणे जाऊ शकतं. तस्करीच हवी असेल तर चित्र रविवर्मा किंवा शेरगिल यांचं करा. माझं मत विचाराल तर गायतोंडेच ठेवा आणि तस्करी काढून टाका. कथा जास्त भीतीदायक होईल, कारण सगळं उजेडात घडेल.

आता चोरीकडे. सगळ्यात यशस्वी चोरी ती, जी झाली हे मालकालाच माहीत नसतं. तक्रार नाही, म्हणजे इंटरपोलच्या चोरीच्या यादीत नाव नाही, चोरीच्या कलावस्तूंची यादी ठेवणाऱ्या लंडनच्या आर्ट लॉस रजिस्टरमध्ये नोंद नाही. हे मुंबईत कसं घडू शकेल? पावसाळ्यामुळे. समुद्राकाठच्या घरांत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता महिनाभर उतरत नाही. कॅनव्हासच्या मागे, भिंतीच्या ओलीच्या बाजूला, बुरशी धरते आणि कापडावरच्या सरसावर पोसते. गणपती झाले की चित्रं आमच्यासारख्यांकडे येऊ लागतात आणि चार-सहा महिने घराबाहेर राहतात. मालकीणबाई ऐंशीच्या पुढे, डोळे अधू, मुलं परदेशात. चित्र साफ होऊन परत येतं, भिंतीवर चढतं. परत आलेलं चित्र नक्कल असेल तर कुणाला कळणार? तुमच्या कथेतली चोरी इथे ठेवा. ब्लेड नको, चेहरा झाकलेले चोर नकोत. तसंही गायतोंड्यांच्या चित्रांत रोलरने आणि पॅलेट नाइफने चढवलेले रंगाचे थर असतात. कापून घट्ट गुंडाळलं तर रंग तडकेल, पापुद्रे सुटतील, आणि खलनायकाच्या हाती खराब झालेलं चित्र येईल. गुंडाळायचंच झालं तर रंगाची बाजू बाहेर ठेवतात, मोठ्या व्यासाच्या नळीवर. तुमच्या चोरांनी ती आत ठेवली आहे.

नक्कल ओळखायची कशी, यावर मी थोडा वेळ घालवते, कारण तुमच्या नायकाला इथे करण्यासारखं खूप आहे. चित्र पुढून बघू नका, उलटं करा. मुंबईच्या खाऱ्या हवेत जुने खिळे गंजतात आणि त्या गंजाचा तांबूस डाग भोवतीच्या कापडात मुरतो. कापड एकदा काढून पुन्हा ताणलं असेल तर जुनी भोकं आणि नवे खिळे जुळत नाहीत. चौकटीच्या खालच्या पट्टीत, लाकूड आणि कापड यांच्या फटीत, अनेक वर्षांची धूळ, किड्यांचे पंख, भिंतीच्या चुन्याचे कण साचलेले असतात. चहाचं पाणी मारून कापड जुनं दाखवता येतं, पण तो रंग सगळीकडे सारखा बसतो. खरं जुनेपण असं सारखं नसतं. पट्टीने झाकलेला भाग फिकट राहतो, उघडा भाग काळवंडतो. अतिनील दिव्याखाली जुनं वॉर्निश हिरवट चमकतं आणि नंतरचा रंगाचा हात काळा दिसतो. त्या पिढीची बरीच चित्रं वॉर्निश न केलेली असतात, तेव्हा हा दिवा दरवेळी उत्तर देईलच असं नाही.

आणि चिकटवलेले कागद. बॉम्बे आर्ट सोसायटीचं लेबल, गॅलरीची पावती, फ्रेमवाल्याची चिठ्ठी. मला सर्वांत जास्त माहिती या फ्रेमवाल्याच्या चिठ्ठीतून मिळते, कारण ती खोटी करणारा माणूस तिच्याकडे कधी नीट बघत नाही. पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याआधी गिरगावचा पत्ता 'मुंबई ४' एवढाच लिहिला जायचा. १९६५ च्या चिठ्ठीवर '४०० ००४' छापलेलं असेल तर ती चिठ्ठी १९६५ ची नाही. टेलिफोन नंबरचे आकडे मोजा. आजचे मुंबईचे आठ आकडी नंबर पुढे २ लागून झालेत, साठच्या दशकात ते नव्हते. तुमच्या नायकाकडे प्रयोगशाळा नसली तरी चालेल, त्याला टपालखातं माहीत असलं पाहिजे.

आता मूळ चित्र खलनायकाकडे आहे, तक्रार झालेली नाही. तरी ते विकता येत नाही, कारण त्याला भूतकाळ नाही. तो बनवावा लागतो. जर्मनीतल्या वोल्फगांग बेल्ट्राकीची केस नक्की अभ्यासा. त्याने चित्रं खोटी केली, आणि त्याहून मेहनतीने त्यांचे मालक खोटे केले. बायकोच्या आजोबांचा संग्रह होता असं सांगितलं. बायकोला आजीच्या वेशात बसवलं, मागे भिंतीवर ती चित्रं लावली आणि जुन्या कागदावर जुनाट दिसेल असा फोटो काढला. बाजाराने तो मानला. शेवटी १९१४ च्या म्हणून विकलेल्या एका चित्रात टिटॅनियम व्हाइट सापडलं, जो रंग तेव्हा चित्रकारांना मिळतच नव्हता. २०११ मध्ये त्याला शिक्षा झाली. तुमच्या कथेत चित्र अस्सल आहे, फक्त मालक खोटा आहे. म्हणजे रंगाची तपासणी काहीच पकडणार नाही! प्रयोगशाळा म्हणेल चित्र खरं, आणि ते खरंच असेल. यापेक्षा चांगला पेच तुम्हाला मिळणार नाही.

याच्या उलट, साखळी अखंड असली की काय होतं तेही बघा. हुसेन यांचं १९५४ चं 'ग्रामयात्रा' त्याच वर्षी दिल्लीत एका परदेशी डॉक्टरने घेतलं, ते नॉर्वेला गेलं, ओस्लोच्या रुग्णालयाला मिळालं आणि अनेक दशकं तिथे भिंतीवर राहिलं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ते १ कोटी ३७ लाख डॉलरच्या वर विकलं गेलं. कुणाकडून कुणाकडे गेलं यात शंकेला जागाच नव्हती.

इथपर्यंतचं एका ओळीत सांगायचं तर चित्र एका घरातून निघालं आहे आणि त्याला दुसऱ्या घराचा भूतकाळ चिकटवला जातो आहे. आता लपवलेल्या संपत्तीकडे येऊ, कारण तुमचा हेर इथूनच आत येतो.

तुम्ही पैसे लपवण्यासाठी चित्र विकलं. प्रत्यक्षात उलटं जास्त घडतं. पैसे आधीच लपलेले असतात आणि चित्रामुळे ते उजेडात आणता येतात. २०१७ पासून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला कायद्याने बंदी आहे. ज्याच्याकडे हिशेबाबाहेरचे कोट्यवधी आहेत त्याला ते सांगता येतील असं कारण हवं असतं. "आजोबांनी १९६५ मध्ये चारशे रुपयांना घेतलेलं चित्र माळ्यावर सापडलं" हे कारण किती साळसूद आहे बघा. लिलाव होतो, पैसे बँकेतून येतात. चित्रांच्या विक्रीवरचा भांडवली नफा २००७ च्या अर्थसंकल्पातल्या बदलानंतर करपात्र झाला. तुमचा खलनायक तो कर वेळेवर, पूर्ण भरतो. त्याला पावती हवी असते.

स्वित्झर्लंडचं लॉकरही बदला. जिनिव्हाच्या फ्रीपोर्टमध्ये, म्हणजे करमुक्त गोदामांत, चित्रं वर्षानुवर्षं खोक्यात पडून असतात आणि न हलता मालक बदलतात. २०१६ मध्ये पनामा कागदपत्रं फुटली तेव्हा मोदिल्यानीच्या एका वादग्रस्त चित्राचा शोध तिथेच लागला. कागदावर मालक होती पनामातली एक कंपनी. पण परदेशात जायची तरी काय गरज? नीरव मोदी प्रकरणात जप्त झालेली चित्रं आयकर खात्याच्या वतीने मार्च २०१९ मध्ये इथे मुंबईतच लिलावात आली. त्यातही एक गायतोंडे होतं, ते २५ कोटींच्या पुढे गेलं. ही संपत्ती आपल्या शहरातल्या दिवाणखान्यांत लटकलेली असते.

आता हेर. रॉचं काम देशाबाहेरचं. चोरी असेल तर मुंबई पोलीस, तस्करी असेल तर महसूल गुप्तचर संचालनालय, गुन्ह्यातून आलेला पैसा असेल तर ईडी. गायतोंड्यांचं चित्र चोरीला गेलं म्हणून रॉचा माणूस हलणार नाही. मग हेरकथा कशी करायची? मला सुचतं ते असं: ज्याला अचानक "आजोबांचं चित्र" सापडतं तो माणूस गोदीतला किंवा संरक्षण संशोधनातला अधिकारी असू द्या. परकी यंत्रणा त्याला गुपितांची किंमत देते आहे. रोख दिली तर पकडला जाईल, खात्यात घातली तर दिसेल. म्हणून त्याला एक चित्र आणि त्या चित्राचा भूतकाळ दिला जातो, आणि पैसे लिलावगृह देतं, स्वच्छ. देशातली फितुरी शोधणं हे इंटेलिजन्स ब्युरोचं काम, तेव्हा तुमचा नायक आयबीचा करा. तो चित्राच्या मागे लागलेला नाही, तो एका माणसाच्या नशिबाच्या मागे लागला आहे. तपासात चित्र ओघाने येईल.

कला आणि हेरगिरीचं नातं खरं आहे, फक्त त्यात पिस्तुलं कमी आणि वह्या जास्त. अँथनी ब्लंट ब्रिटिश राजघराण्याच्या चित्रसंग्रहाचा प्रमुख होता आणि सोव्हिएत हेर होता. १९६४ मध्ये त्याने कबुली दिली, लोकांना कळलं १९७९ मध्ये. पॅरिसमध्ये नाझींनी लुटलेली चित्रं ज्या संग्रहालयात गोळा होत, तिथे काम करणारी रोझ व्हॅलाँ आपल्याला जर्मन कळतं हे लपवून कुठली चित्रं कुठे चालली त्याच्या नोंदी करत राहिली. युद्धानंतर त्या नोंदींवरून हजारो चित्रं परत मिळाली. चित्रकार मुंकचं 'किंकाळी' १९९४ मध्ये ओस्लोतून गेलं तेव्हा एका ब्रिटिश पोलिसाने गेटी संग्रहालयाचा माणूस असल्याचं सोंग घेऊन ते परत मिळवलं. आणि नाझींसाठी काम केलेल्या चित्रव्यापाऱ्याचा मुलगा, म्युनिकचा म्हातारा गुर्लिट, त्याच्या घरातल्या हजारांहून अधिक चित्रांचा माग लागला तो २०१० मध्ये, रेल्वेत त्याच्याकडे ९००० युरो रोख सापडल्यामुळे. ती रक्कम बेकायदा नव्हती. कस्टमच्या माणसाला फक्त त्याचं वागणं खटकलं. तुमच्या आयबीच्या माणसाला असं खटकता आलं पाहिजे.

राहिला खून. गॅलरीमालकाला मारू नका. तो सामील असेल तर त्याला पैसे देता येतात, नसेल तर त्याला खोटे कागद दाखवता येतात. जीव त्या माणसाचा जातो ज्याला चित्राचा खरा भूतकाळ आठवतो आणि ज्याला गप्प करण्याची दुसरी सोय नाही. माझ्या डोळ्यासमोर आहे ती त्या पारशी घरात तरुणपणापासून काम केलेली बाई. मालकिणीला नक्कल कळत नाही, हिला कळते, कारण रोज त्या चित्रावरची धूळ हिने पुसली आहे. डाव्या कोपऱ्यातला रंगाचा उंचवटा फडक्याला अडायचा, तो आता अडत नाही. ती मालकिणीला सांगते, "बाय, हे आपलं चित्र नाय." मालकीण हसते. बाई चित्र साफ करून देणाऱ्याकडे जाऊन विचारते, आणि आठवड्याने आपल्या चाळीच्या जिन्यावरून पडून मरते.

तिच्याबद्दल मी आग्रहाने लिहिते आहे, कारण चित्रांच्या गोष्टींत ही माणसं नेहमी पडद्यामागे राहतात. आमच्या कामात मी मालकांइतकेच प्रश्न घरातल्या गड्यांना आणि बायांना विचारते. चित्र कधी पडलं, कधी भिजलं, कुणी ओल्या फडक्याने पुसलं, हे त्यांनाच ठाऊक असतं. तुमच्या कादंबरीत तिला नाव द्या, मुलगी द्या, दोन प्रकरणं जिवंत ठेवा.

पोलीस आधी अपघाती मृत्यूची नोंद करतील, पंचनामा होईल. विम्याच्या कामात मला असे पंचनामे वाचावे लागतात. चित्रांचा उल्लेख 'भिंतीवर एक जुनी तसबीर, लाकडी चौकट' एवढाच असतो. माप नाही, सही नाही. तिच्या खोलीच्या पंचनाम्यात तुमचा पुरावा असाच एका ओळीत टाका: 'एक जुना फोटो, काचेची फ्रेम.' तो आहे १९७२-७३ मधला नवजोतीचा, म्हणजे पारशी मुलांच्या दीक्षाविधीचा फोटो, घरातली सगळ्यात धाकटी मुलगी हिच्या कडेवर, आणि मागच्या भिंतीवर चित्र. बेल्ट्राकीने फोटो बनवला होता. इथे खरा फोटो आहे आणि तो कुणी मोजलाच नाही. जुन्या फोटोंनी खरोखर असे खटले फिरवले आहेत. तमिळनाडूतल्या मंदिरांतून गेलेल्या मूर्ती परदेशी संग्रहालयांत ओळखल्या गेल्या त्या पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने काही दशकांपूर्वी काढून ठेवलेल्या फोटोंवरून.

फोटोत चित्र अर्धंच दिसू द्या. तुमचा नायक ते लिलावाच्या कॅटलॉगशेजारी ठेवून रंगाचे उंचवटे जुळवेल, मग चित्र उलटं करून फ्रेमवाल्याच्या चिठ्ठीवरचा पत्ता वाचेल.

त्या पंचनाम्याचं प्रकरण आधी लिहा, बाकीचं त्याभोवती बसवा. खर्डा झाला की इथे टाका, चित्राच्या मागच्या बाजूचं वर्णन मी ओळीओळीने तपासून देईन. आणि जुन्या इमारतीच्या लिफ्टचं माप घ्यायला विसरू नका. पाच फुटी कॅनव्हास तिच्यात मावत नाही, जिन्यानेच उतरवावा लागतो, आणि जिन्यात शेजारी भेटतात.